अभ्यासात मन का लागत नाही?

परीक्षा जवळ आल्या की दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. "डॉक्टरसाहेब, पोरगं पुस्तक घेऊन बसतं, पण लक्ष भलतीकडेच. बुद्धीचं टॉनिक लिहून द्या." टॉनिकआधी मेंदूचा कारभार थोडा समजून घेऊ.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण ऊर्जा मात्र तो एकटा सुमारे २० टक्के खातो. आपण ओट्यावर स्वस्थ बसलो तरी हा खर्च सुरूच असतो, आणि अवघड गणित सोडवायला घेतले तरी तो जेमतेम ५ टक्क्यांच्या आतच वाढतो. म्हणजे मेंदू रिकामा कधीच बसत नाही.

मग तो करतो काय? अमेरिकेतील सेंट लुईसचे डॉ. मार्कस राइकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली याचा उलगडा केला. मेंदूचे काही ठरावीक भाग, विशेषतः कपाळामागचा आणि मागच्या बाजूचा मधला भाग, आपण निवांत असताना जास्त काम करतात. जुन्या आठवणी, उद्याची काळजी, 'तो मला असे का बोलला', हे सारे विचार तिथे घोळतात. एखाद्या कामात लक्ष घातले की हेच भाग शांत होतात. तागडीसारखे आहे, एक पारडे वर गेले की दुसरे खाली.

हे भाग पुरेसे शांत झाले नाहीत तर लक्ष उडते, चुका होतात. जागरणानंतर नेमके हेच घडते. म्हणून रात्रभर जागून केलेला अभ्यास डोक्यात राहत नाही. आणि रात्रभर जागलेल्या चालकाचे मन कोंडाईबारी घाटाच्या वळणावर क्षणभर दुसरीकडे गेले तर ते जिवावर बेतू शकते.

तेव्हा वाचकहो, एवढे करा :

१) दहावी-बारावीच्या मुलांना ८ तास, मोठ्यांना किमान ७ तास झोप हवीच.

२) अभ्यासाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. एका वेळी एकच काम.

३) अर्धा-पाऊण तास अभ्यास, मग दहा मिनिटे सुट्टी. सुट्टीत मूल खिडकीबाहेर पाहत बसले तर रागावू नका. मेंदूला तेही लागते.

४) रोज थोडा वेळ श्वासावर किंवा नामस्मरणावर लक्ष ठेवा. ध्यानाचा दीर्घ सराव असणाऱ्यांत हे भाग अधिक शांत आढळले आहेत.

५) डोळ्यांचा नंबर आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्या. पुष्कळदा कारण तिथेच सापडते.

मात्र तेच ते दुःखी विचार दोन आठवडे डोक्यातून जात नसतील, झोप-भूक उडाली असेल, तर तो आळस किंवा नाटक समजू नका. तो उदासीनतेचा आजार असू शकतो आणि तो उपचाराने बरा होतो. डॉक्टरांना भेटा, किंवा शासनाच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य फोन करा.

बुद्धीचे टॉनिक बाटलीत मिळत नाही. झोपेचे औषध मात्र फुकट आहे : वेळेवर दिवा मालवणे.