निवलेल्या लाव्ह्यावरचे पाणी

धगधगता ज्वालामुखी पाहायला माणसे हवाई बेटावरच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत जातात. भारतात असा जागृत ज्वालामुखी एकच आहे, अंदमानातल्या बॅरन बेटावरचा. तो जहाजातून लांबूनच पाहावा लागतो. लोणावळ्याच्या परिसरातल्या आम्हा मावळकरांना मात्र ज्वालामुखीची करणी रोज पायाखाली दिसते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत आला, थरावर थर साचत गेले आणि त्यांतून सह्याद्री घडला. या थरांच्या एका मोठ्या गटाला भूशास्त्रज्ञ ‘लोणावळा’ याच नावाने ओळखतात आणि त्यातल्या एका थरसमूहाला ‘खंडाळा’ म्हणतात. कार्ले आणि भाजे इथली लेणी याच कातळात कोरलेली आहेत.

हा लाव्हा केव्हाच निवला, म्हणून इथे येणारा माणूस निर्धास्त असतो. न्यूझीलंडच्या व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी अचानक उद्रेक झाला आणि २२ जणांचा जीव गेला. आपण ज्वालामुखीवर चाललो आहोत, हे निदान तिथे जाणाऱ्यांना ठाऊक होते. लोणावळ्याला माणसे भिजायला येतात, गरम कणीस खातात आणि लेकरांना घेऊन ओढ्यात बसतात. धोका समोर दिसतच नाही. या कातळाचा स्वभाव कुणीतरी सांगायला हवा, असे मला फार वाटते.

एकदा जुलैत भाचरांना घेऊन मी भाज्याच्या बाजूला एका ओढ्यावर गेले होते. पाणी घोट्याएवढे होते आणि पाऊस भुरभुरत होता. मुले ‘मावशी, अजून थोडा वेळ’ म्हणत खेळत होती. तेवढ्यात म्हशी घेऊन चाललेले एक आजोबा काठावरून ओरडले, ‘‘बाई, लेकरं काढा भाईर. वर लई पडतोय!’’ आमच्या डोक्यावर तर नुसती भुरभुर होती. तरी मुलांना हाताला धरून काठावर चढवले. वर पोचतो न पोचतो तोच पाणी गढूळले. पालापाचोळा, काटक्या आणि फेस वाहत आला आणि बघता बघता ओढा कमरेच्या वर गेला. मधल्या खडकावर फोटो काढत बसलेली कॉलेजची मुले तिथेच अडकली. गावातल्या माणसांनी झाडाला दोर बांधला आणि एकेकाला बाहेर ओढले. सगळे वाचले. ते आजोबा तिथून गेले नसते तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

असे का होते, ते समजून घ्यायला हवे. लोणावळ्यात वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वरचे पठार म्हणजे उघडा, घट्ट कातळ. त्यात पाणी फारसे जिरत नाही. फरशीवर बादली ओतावी तसे ते थेट घळीत उतरते. पठारावर कोसळणारी सर खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, ऐकूही येत नाही.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसे प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी होती. ते दृश्य साऱ्या महाराष्ट्राने व्हिडिओत पाहिले. त्या कुटुंबातली एक बाई आणि चार मुले गेली. लोंढ्यात एकमेकांना धरून उभे राहिले की पाण्याला अडथळा मोठा होतो आणि एकाचा पाय सुटला की सगळेच ओढले जातात.

म्हणून ओढ्याच्या मधल्या खडकावर कधीही बसू नका. ज्या काठावरून लगेच वर चढता येईल तिथेच थांबा. पाण्याचा रंग बदलला, काटक्या वाहू लागल्या किंवा आवाज जड झाला, तर चपला-पिशव्या गोळा करत बसू नका, मुलांना घेऊन वर चढा. उंच खडकावर अडकलाच, तर पाण्यात उतरू नका. तिथेच थांबून हाका मारा आणि ११२ वर फोन करा. बुडणाऱ्यामागे उडी घेऊ नका, त्याच्याकडे दोर, ओढणी, काठी फेका. लोणावळ्यात ‘शिवदुर्ग मित्र’ या बचाव संस्थेचे स्वयंसेवक अशा वेळी जीव धोक्यात घालून उतरतात. त्यांच्यावर ती वेळ आणू नये.

कड्यांचेही तसेच आहे. लाव्ह्याच्या थरांमध्ये कुठेकुठे तांबडा, मऊ थर असतो. तो झिजतो आणि वरचा टणक कातळ अधांतरी राहतो. उभे राहणाऱ्याला खालची पोकळी दिसत नाही. वर शेवाळे असते ते वेगळेच. टायगर पॉइंटला असो की आडवाटेच्या कड्यावर, कठड्यापलीकडे पाऊल टाकू नका. नदीचे पात्रही असेच फसवते. इंद्रायणीवर कुंडमळ्याला पात्रातल्या कातळात खोल कुंडे आहेत. वरून पाणी संथ वाटते, पण आत भोवरा असतो. तिथलाच जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारी, गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले. जुन्या पुलावर गर्दी दिसली तर अलीकडेच थांबा.

हा लाव्हा खरोखर पाहायचा असेल तर दिवाळीनंतर या. तेव्हा पावसाचा पडदा नसतो आणि लोहगडाच्या विंचूकाटा माचीवर उभे राहिले की समोरच्या डोंगरांत थरांच्या आडव्या रेघा स्वच्छ मोजता येतात. पावसाळ्यातच यायचे असेल तर आदल्या रात्री हवामान खात्याचा पुणे घाटमाथ्यासाठीचा इशारा बघा. तो शहरासाठीच्या इशाऱ्यापेक्षा वेगळा दिलेला असतो. लाल इशारा असेल त्या दिवशी, पुण्यात ऊन पडलेले असले तरी, लोणावळ्याची लोकल पकडू नका.