सोप्या वाक्यामागचे कष्ट



वर्षावासात विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू झाले की कॉलेजात जाणारी आपलीच मुले हमखास म्हणतात, “गुरुजी, बाबासाहेबांचे बाकीचे ग्रंथ केवढे अवघड! हा मात्र सोपा. सहज लिहून टाकला असेल.” एके काळी माझेही हेच मत होते, म्हणून मी त्यांच्यावर रागावत नाही. आजच्या पाठात त्या ‘सहज’चीच तपासणी करू.

मॅट्रिक झालेल्या भीमरावांना केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. प्रत्यक्ष ग्रंथलेखन सुरू झाले १९५१ साली. मधली चार दशके अभ्यासाची! मूळ वचने पालीत, म्हणून बाबासाहेबांनी पाली व्याकरण व शब्दकोशाचे काम हाती घेतले. ते शासनाने १९९८ साली सोळाव्या खंडात छापले. शब्दकोश करणाऱ्याला एकेका शब्दापाशी किती थांबावे लागते, हे तो खंड नुसता चाळला तरी कळते. लेखनाची पाच वर्षे आजारपणाची होती. टंकलेखन नानकचंद रत्तू करीत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही प्रस्तावनेचे टंकलिखित कागद त्यांनी तपासण्यासाठी मागून घेतले होते. ग्रंथ १९५७ साली निघाला. छापील प्रत त्यांनी पाहिली नाही. आणि त्या प्रस्तावनेत त्यांनी आपले म्हणून श्रेय घेतले ते फक्त विषयांच्या मांडणीचे आणि सुबोधतेचे!

आता पहिल्या खंडातील रोहिणी नदीचे प्रकरण घ्या. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरेची कथा. एकोणतीस वर्षांच्या माणसाने ही दृश्ये त्याआधी पाहिलीच नसतील काय, असा प्रश्न बाबासाहेबांनी विचारला. शाक्य व कोलिय यांचा पाण्याचा तंटा, संघाची सभा, युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा विरोध, बहुमताने झालेला पराभव आणि मग परिव्रज्या, अशी मांडणी त्यांनी केली. एवढा खल पोटात घेतलेली वाक्ये मात्र आखूड, क्रमांक घातलेली.

मी घरातला पहिला पदवीधर. बी.ए. झाल्यावर याच प्रकरणावर पाऊण तास बोललो. ‘गणराज्यव्यवस्थेतील अंतर्विरोध’ वगैरे शब्द होते, टाळ्याही पडल्या. घरी आल्यावर आई म्हणाली, “भाषण चांगलं झालं रं. पर त्या नदीचं पानी शेवटी कुनाला मिळालं?”

आईला अक्षरओळख नाही, जन्म शेतमजुरीत गेला. मी ओशाळलो. रात्री कंदिलापाशी ग्रंथातले तेच प्रकरण तिला वाचून दाखविले. दुसऱ्या दिवशी खुरपणीच्या पातीवर तिने ते बायांना सांगितले. सभा, ठराव, मतदान, काही म्हणजे काही सुटले नाही. पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणे त्या बायांना सांगावी लागत नव्हती. माझे सगळे टिपण मात्र कुणाच्याच उपयोगी पडले नव्हते.

पुढच्या रविवारी येताना प्रत्येकाने हे प्रकरण पाचवीच्या मुलाला कळेल असे एका पानात लिहून आणावे. ग्रंथ मिटून लिहावे आणि सिद्धार्थाचा एकही मुद्दा गळू देऊ नये. माझी पहिल्या खेपेस चार पाने झाली होती. गेल्या आठवड्यात ती दोनवर आली.