पुण्याचा निवारा

पोरे कामाला पुण्याला जातात. म्हातारी मोहोळला एकटी राहते. तिची भाकर कोण करणार? हा प्रश्न आपल्या पुष्कळ घरांत आहे. पुण्याला तो फार पूर्वीच एका परक्या माणसाने ओळखला.

पुण्याच्या स्टेशनाजवळ ससून दवाखाना आहे. आपण तो पाहिला असेल. डेव्हिड ससून हा बगदादचा यहुदी व्यापारी. तिथल्या सुभेदाराचा जाच झाला, म्हणून तो देश सोडून मुंबईस आला. कापूस आणि अफू यांच्या व्यापारात त्याने अमाप पैसा मिळवला. अफूचा धंदा चांगला नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण त्याने दानही मोठे केले. आईबापाचा मान राखा, अशी यहुदी धर्माची आज्ञाच आहे.

त्याच्या दानातून पुण्यात निराधारांसाठी पंगुगृह निघाले. 1864 साली ससून वारला. पंगुगृह मात्र चालू राहिले. त्यालाच आता ‘निवारा’ म्हणतात. हे नाव आम्हाला जास्त आवडते. नवी पेठेत तिथे वृद्ध माणसे राहतात. त्यासाठी यहुदी असावे लागत नाही.

एका धनिकाच्या दानावर दीडशे वर्षे चूल पेटत नाही. पुढे लोकांनीच देणग्या दिल्या. असल्या घराला रोज धान्य लागते, औषध लागते, आणि म्हाताऱ्याला उठवून बसवणारे हात लागतात.