‘फादर, हिला जरा समज द्या’



असे म्हणत पालक मुलीला आम्हांकडे आणतात. काल जीवाभावाची मैत्रीण, आज तीच वैरीण. फोन उचलला नाही की ‘मला टाकून दिलं’ म्हणून आकांत. आत सतत पोकळी, हातावर ब्लेडच्या रेघा. घरचे म्हणतात नाटके, शेजारी म्हणतात बाहेरची बाधा. हा बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार असू शकतो. नऊ लक्षणांपैकी किमान पाच दीर्घकाळ दिसली तरच डॉक्टर तसे निदान करतात. तेव्हा भांडणावरून सुनेला हे नाव चिकटवू नये!

सुरुवात बहुधा किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात होते. शिकवणीसाठी लातूर-नांदेडला खोली घेऊन राहणारी मुले याच वयाची.

नुसती समज देऊन हे शमत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी यावर उपचारपद्धती घडवली. भावना उसळली तरी हातून काही न करता ती ओसरेपर्यंत तग धरणे त्यात शिकवतात. स्वतः तरुणपणी याच यातना भोगल्याचे त्यांनी २०११ साली उघड सांगितले. पुष्कळ रुग्ण काही वर्षांत सावरतात.

‘मरावंसं वाटतं’ हे शब्द मात्र कधीही नाटक समजू नका. अशा वेळी त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक रात्रीही चालू असतो.