दोघांच्याच सुट्टीची बॅग

मनू, त्या दोन मोठ्या बॅगा आधी परत बेसमेंटमध्ये ठेवून ये बघू. भारतात जाताना काट्यावर ठेवून ठेवून तेवीस किलो भरतेस, त्या. अगं, पाच रात्रींची सफर आहे, तुम्ही दोघंच आहात, आणि बोटीवरच्या खोलीत दोन मोठ्या बॅगा उघडल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही. प्रत्येकी एक छोटी बॅग आणि खांद्याला एक पिशवी. बस्स.

तुझी अडचण मला माहीत आहे. गेली कित्येक वर्षं तू बॅग भरतेस ती ‘लागलं तर?’ या एकाच प्रश्नावर. तापाचं सिरप लागलं तर, जादा मोजे लागले तर, रात्री भूक लागली तर. आई झालेल्या बाईची बॅग अशीच असते, त्यात काही चूक नाही. पण तुम्ही निवडलीये व्हर्जिन व्हॉयेजेसची बोट. यांची पहिली बोट, स्कार्लेट लेडी, २०२१ मध्ये प्रवासी घेऊन निघाली, आणि नियम पहिल्यापासून एकच: १८ वर्षांखालचं कुणीही चढणार नाही. म्हणजे स्विमिंग पूलमध्ये फुगे नाहीत, जेवणाच्या टेबलावर क्रेयॉन नाहीत, आणि पाठीमागून ‘मम्माऽऽ’ अशी हाक आलीच तर ती तुझ्यासाठी नसणार हे नक्की. तेव्हा या खेपेला ‘लागलं तर’ बंद.

सगळ्यात आधी खांद्यावरची पिशवी भर, मग बॅग. कारण बोट सुटते त्या मायामीच्या धक्क्यावर मोठ्या बॅगा पोर्टर घेऊन जातात आणि त्या खोलीच्या दाराशी यायला दुपार टळते, कधी संध्याकाळ होते. तोवर तू बोटीवर, ऊन मस्त पडलंय, लोक पाण्यात उतरलेत आणि तू जीन्समध्ये घाम पुसत उभी. म्हणून पोहण्याचे कपडे, उन्हाचं क्रीम, गॉगल, चपला, रोजच्या गोळ्या, चार्जर हे सगळं हातातल्या पिशवीत. आणि पासपोर्ट! तो मोठ्या बॅगेत टाकून बॅग पोर्टरच्या हवाली करणारी माणसं प्रत्येक फेरीला निघतात म्हणे. बिमिनीला उतरणार आहात, म्हणजे बहामाज, म्हणजे चक्क परदेश. तुमच्या दोघांच्या एच-वन व्हिसाचा पासपोर्टवरचा स्टॅम्प चालू आहे ना, ते आजच उघडून बघ. नुसत्या आय-७९७ च्या मंजुरीच्या कागदावर विसंबू नका. तारीख उलटली असेल तर भावोजींच्या ऑफिसच्या वकिलाला आधी विचारा, मग बाकीचं. आणि विमान आदल्या दिवशीचं घ्या. फ्लाइट लेट झाली म्हणून बोट थांबत नाही.

आता कपडे. या बोटीवर सूट-टायची औपचारिक रात्र नसते, त्यामुळे भावोजींचं ब्लेझर घरीच राहू दे. पण एक रात्र ‘स्कार्लेट नाइट’ असते, तेव्हा अख्खी बोट लाल घालते. तुझ्या डोक्यात आत्ता लग्नातली लाल पैठणी आली, हो ना? मुळीच नको. रात्र चढली की ही मंडळी कपड्यांसकट पूलमध्ये उड्या मारतात, आणि तू काठावर पदर सावरत उभी राहणारी नाहीस, उडी मारणारी आहेस. लाल खणाचं पोलकं शिवून ठेवलंयस ते जेवणाला घाल, खाली काळा स्कर्ट. फार गोड दिसेल. जेवून आलीस की खोलीत जाऊन साधा, धुतला तरी चालेल असा लाल ड्रेस चढव आणि मग वर जा. खणाचा रंग क्लोरीनच्या पाण्यात काय करेल ते सांगायला नको.

पोहण्याचे कपडे मात्र दोन जोड घे. बोटीच्या बाथरूममध्ये दोरी असते ती तोकडी, हवा दमट, आणि सकाळी थंडगार ओला स्विमसूट अंगावर चढवण्याइतकं वाईट काही नाही. गुडघ्यापर्यंतचा हवा तर तसला घे, बिकिनी हवी तर बिकिनी घे. तिथे सगळ्या वयाच्या, सगळ्या आकाराच्या बायका आहेत आणि कुणी कुणाकडे बघत नाही. तुझ्या पोटावरच्या सिझेरियनच्या खुणेकडे तर नाहीच नाही. एक पातळ शालही घे, कारण एसी इतका थंड करतात की नाटक बघताना दात वाजतात. चपला पाण्यातल्या एक, चालायच्या एक, संध्याकाळच्या एक. चौथा जोड मुलांजवळ राहणाऱ्या आईच्या हातात देऊन ये.

भावोजींची बॅग भावोजींनी भरायची. त्यांचे मोजे विसरले तर त्यांचे विसरले. तू फक्त एवढंच बघ की त्यांची ती लष्करी छापाची, हिरवी-खाकी ठिपक्यांची चड्डी बॅगेत नाही. हसू नकोस. जमैका, बार्बाडोस, सेंट लुसिया अशा कॅरिबियनमधल्या बऱ्याच देशांत असले कपडे सामान्य माणसाने घालायला कायद्याने बंदी आहे. या वेळी तुम्ही तिकडे जात नसाल, पण ती चड्डी टाकून द्यायला याहून चांगलं निमित्त तुला मिळणार नाही.

उन्हाचं क्रीम घेताना झिंक ऑक्साइडचं घे. काही रसायनं प्रवाळाला मारतात म्हणून यूएस व्हर्जिन बेटांवर, अरुबात, तिकडे हवाईत ऑक्सिबेन्झोनच्या क्रीमवर बंदीच आली आहे. आता झिंकचं दुखणं असं, की आपल्या रंगावर ते पिठासारखं पांढरंफटक बसतं आणि सगळ्या फोटोत आपण नुकत्याच गिरणीतून आल्यासारख्या दिसतो. त्यावर उपाय म्हणजे टिंटेड मिळतं ते, किंचित तपकिरी छटेचं. गालाच्या कडेला लावून बघून मगच विकत घे. आणि मांड्या घासतात त्यासाठीची ती काडीसारखी स्टिक मिळते ना औषधांच्या दुकानात, ती घे. खारं पाणी, ऊन आणि स्कर्ट, तिन्ही एकत्र आले की दुसऱ्या दिवशी चालवत नाही.

आता जरा दार लावून घे.

तुझा तो कॉटनचा गाऊन. खिशाचा, पुढे चेन असलेला, हळदीचे डाग गेलेले आणि न गेलेले. तो नेऊ नकोस. त्याच्यावर माझा राग नाही, माझ्याही कपाटात तसले आहेत, पण त्या गाऊनच्या खिशात तुझं अख्खं घर असतं: रबरबँड, मुलाचा लेगो, दुधाच्या बिलाचा चिठोरा. तो अंगावर असला की तू पहाटे साडेपाचला उठून डबे करायला निघशील. स्वतःसाठी एक मऊ, छान, तुला आवडणारं काहीतरी घे. त्याला आवडेल का, हा विचार नंतर. बाल्कनीच्या खोल्यांना लाल दोरीचा हॅमॉक असतो, त्यात सकाळी चहाचा कप घेऊन पडशील तेव्हा अंगावर काय असावं, एवढाच विचार कर.

पाळीची तारीख आत्ताच मोजून बघ. अध्येमध्ये येत असेल तर पुढे ढकलायची गोळी डॉक्टरला विचारूनच घे, पुण्याहून कुणीतरी आणलेली पडलीये म्हणून गिळू नकोस. तू गर्भनिरोधक गोळी घेत असशील तर एक गोष्ट कुणी सांगत नाही ती ऐक: गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती गोळी चुकल्यासारखीच धरायची. बोट हलली की उलटी होऊ शकते, म्हणून दुसरं साधनही पिशवीत असू दे, आणि ते बोटीवर मिळेल या भरवशावर राहू नकोस. लाजायचं काय त्यात, नवऱ्याबरोबरच जातेयस ना? ओल्या स्विमसूटमध्ये तासन्‌तास बसू नकोस, पाणी भरपूर पी, आणि रात्री नंतर बाथरूमला जाऊनच झोप. तुला लघवीच्या जळजळीचा त्रास मागे झालाय, तर तुझ्या डॉक्टरकडून त्यावरची औषधं आधी लिहून आण. बोटीवर दवाखाना असतो, पण अमेरिकेतला आरोग्य विमा तिथे बहुधा चालत नाही आणि बिल तिथल्या तिथे भरावं लागतं. प्रवासाचा वेगळा विमा घ्या, तोही बोटीवरून हॉस्पिटलमध्ये हलवण्याचा खर्च धरून.

बोट लागण्याचं म्हणशील तर मेक्लिझिनच्या गोळ्या घे आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी घे. सुरू झाल्यावर पोटात काही टिकत नाही. फार त्रास होणाऱ्याला कानामागे लावायची पट्टी डॉक्टर लिहून देतात, ती तीन दिवस चालते. खोली अजून निवडायची असेल तर खालच्या मजल्यावर, मधोमध घ्या, तिथे हेलकावे कमी. आणि आईकडून आलेपाकाच्या वड्या मागून घे, आलं मळमळीवर खरंच चालतं.

खाण्याचं मात्र आवर. बोटीवर वीसेक ठिकाणी जेवण आहे, बहुतेक सगळं तिकिटातच. घरचे डबे चढू देत नाहीत. कारखान्यात बंद केलेलं भाकरवडीचं पाकीट चालेल, पण बंदच राहायला हवं, आणि बोटीवरचं फळ खिशात टाकून बेटावर उतरायचं नाही, दंड होतो. इलेक्ट्रिक केटल, इस्त्री, उदबत्ती, मेणबत्ती हे सगळं जप्त होतं. आगीची भीती, दुसरं काय! सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शनची पट्टीही नको. चहाच्या मसाल्याची छोटी डबी घे, गरम पाणी आणि दूध मागितलं की देतात. जमलं तर लोहचुंबकाचे चार हूक घे. खोलीच्या भिंती पोलादाच्या असतात, ओली टोपी, पिशवी, शाल सगळं लटकतं. साबणाने हात धुवायचा कंटाळा करू नका. बोटींवर पोट बिघडवणारा जो नोरोव्हायरस पसरतो, तो सॅनिटायझरला फारशी भीक घालत नाही.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या रातोरात जातात. सकाळी उतरताना घालायचे कपडे आधी बाजूला काढून ठेवा. हे भावोजींना दोनदा सांग.

फोन बोटीवर पाय ठेवल्याबरोबर एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि बोटीचं वायफाय लावायचं, नाहीतर उपग्रहाच्या नेटवर्कचं बिल बघून फेफरं येईल. मुलांना रोज एकदा फोन, ठरलेल्या वेळी. दर तासाला ‘जेवले का’ विचारू नकोस. आईने आपल्याला वाढवलंय गं, तुझी दोन तिला जड नाहीत.

पण आई-बाबांच्या हातात नुसती किल्ली देऊन निघू नकोस. ते व्हिजिटर व्हिसावर आहेत, या देशातली कागदं त्यांना माहीत नाहीत. पोराचा हात मोडला आणि इमर्जन्सीत न्यावं लागलं, तर तिथे पहिला प्रश्न येणार: पालक कुठे आहेत, संमती कोण देणार? म्हणून एक साधं पत्र लिही, की आमच्या गैरहजेरीत या तारखेपासून या तारखेपर्यंत मुलांच्या उपचारांची संमती द्यायचा अधिकार आम्ही आजी-आजोबांना देतो. दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. त्याला मुलांच्या विमा कार्डाची झेरॉक्स, बालरोगतज्ज्ञांचा नंबर आणि कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे ते जोड. शेजारच्या गाडी चालवणाऱ्या मैत्रिणीचा नंबर फ्रिजवर मोठ्या मराठी अक्षरात लाव. बाबांना चष्म्याशिवायही वाचता आला पाहिजे.

नोटरी तुमच्या बँकेत होते, बऱ्याच बँका खातेदारांना फुकट करून देतात. दोघांनीही ओळखपत्र घेऊन जायचं आणि सही तिथेच, नोटरीसमोर करायची, घरून करून न्यायची नाही. या शनिवारी सकाळी जा, बारानंतर बँक बंद होते.