चाल लावायला शिकायचंय, कोणती पुस्तकं घेऊ?

प्रश्न : मी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. स्वर ओळखता येतात, तीन-चार रागही पेटीवर वाजवतो. आता स्वतः लिहिलेल्या अभंगांना स्वतःच चाल लावावी असं वाटतं. जवळपास शिकवणारं कोणी नाही. पुस्तकांवरून हे शिकता येईल का? सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करू?
— एक वाचक, कोहिनूर (जि. बीदर)

उत्तर : शिकता येईल. मात्र पुस्तक पेटीसमोर उघडं ठेवून, वाजवत-गात वाचायला हवं. म्हणून पुस्तक निवडताना पहिली कसोटी हीच लावा : त्यात स्वरलिपी आहे का, आणि ती मला वाजवता येते का? थाटांची यादी, वादी-संवादी आणि व्याख्या यांनी भरलेली पुस्तकं परीक्षेला उपयोगी पडतात. चाल लावणाऱ्याला आधी गाण्यांचे नमुने लागतात.

त्यासाठी पहिलं पुस्तक पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चा पहिला भाग. मालिकेचे एकूण सहा भाग आहेत. मूळ मालिका मराठीत आहे आणि हाथरसची हिंदी आवृत्तीही चालते. सगळे भाग एकदम घेऊ नका. पहिल्या भागातल्या सरगम आणि लक्षणगीतं तुम्हाला बरेच दिवस पुरतील. लिपी सोपी आहे : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, समेला फुली. पलुसकरांच्या पद्धतीतल्या खुणा वेगळ्या असतात, तेव्हा पुस्तक कोणत्या पद्धतीचं आहे ते विकत घेतानाच पाहा.

आता हे पुस्तक चालकाराच्या नजरेनं वाचायचं. यमनमधली त्रितालातली एखादी रचना घ्या. मुखडा कोणत्या मात्रेवरून उठतो? अनेक रचना नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून उठतात. समेवर कोणता स्वर येतो? अंतरा तार षड्जाकडे कसा चढतो आणि पुन्हा मुखड्याला कसा येऊन मिळतो? या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. दहा रचना अशा उलगडल्या की चालीची बांधणी हातात येऊ लागते.

दुसरं पुस्तक शब्दांचं. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांची ‘छंदोरचना’ मिळवा. ग्रंथ मोठा आहे, पण तुम्हाला सुरुवातीला ओवी आणि अभंग यांच्यापुरताच वाचायचा आहे. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. उदाहरणासाठी हे कडवं इथेच जुळवलं आहे : ‘काळ्या मातीमध्ये, पेरियेले दाणे, मेघ गाई गाणे, दिनरात.’ आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात एकेक चरण एकेका आवर्तनात बसवून पाहा. सहा अक्षरांना आठ मात्रा मिळाल्या, की दोन मात्रा कुठल्या अक्षरांवर लांबवायच्या हे तुम्हाला ठरवावं लागतं. ‘मातीमध्ये’मधला ‘मा’ लांबवला तर शब्द उघडा राहतो, ‘ध्ये’ ताणला तर कानाला खुपतो. शेवटच्या चार अक्षरांना प्रत्येकी दोन मात्रा येतात, आणि तिथे चाल विसावते. चालीचे निम्मे निर्णय असे अक्षरांतच दडलेले असतात. याच विचारासाठी यशवंत देव यांचं ‘शब्दप्रधान गायकी’ जरूर वाचा.

तिसरं पुस्तक चालकारानं स्वतः लिहिलेलं असावं. केशवराव भोळे यांचं ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ हे मराठीतलं फार मोलाचं पुस्तक आहे. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचं आणि १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचं संगीत त्यांचं. त्या चित्रपटातले अभंग आधी ऐका, मगच पुस्तक वाचा. जोडीला गोविंदराव टेंबे यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ घ्या. १९११ च्या ‘मानापमाना’च्या चाली त्यांच्याच.

जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रतीही जुन्या बाजारात दिसल्या तर सोडू नका. त्यांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि पुष्कळदा आधीच्या एखाद्या गाण्याची ‘चाल’ छापलेली असते. बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या काळापासून कीर्तनातल्या, लावणीच्या, कानडी गाण्यांच्या चालींवर नवे शब्द बसवले गेले. तुम्हीही आधी आपला अभंग ओळखीच्या चालीवर बसवा. मग अंतरा बदला, नंतर मुखडा. अशी पायरी-पायरीनं चाल तुमची होत जाईल.

आणि तुमच्या जिल्ह्यातलाच ठेवा विसरू नका. बसवकल्याणजवळच्या लाडवंतीत १८१७ मध्ये जन्मलेल्या माणिकप्रभूंनी मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांत पदं रचली. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला ती आजही भजनात गातात आणि दत्तजयंतीच्या उत्सवात गायक-वादक हजेरी लावतात. तिथे जाऊन पदं ऐका. एकच पद मनात धरून घरी या, पेटीवर काढा आणि भातखंडे लिपीत लिहा. या एका सरावात कान, हात आणि लेखणी तिन्ही तयार होतात.

पाश्चात्त्य रचनेची पुस्तकं सध्या घेऊ नका. आर्नल्ड शोनबर्ग यांचं रचनेच्या मूलतत्त्वांवरचं १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेलं पुस्तक उत्तमच आहे, पण ते स्टाफ लिपी आणि स्वरसंवादाचं, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक स्वरांचं ज्ञान गृहीत धरतं. अभंगाची चाल एकेरी स्वरओळीची. तिला आधी राग, ताल आणि उच्चार यांची समज हवी.

थोडक्यात क्रम असा : आधी क्रमिकचा पहिला भाग, मग ‘छंदोरचने’तलं अभंगाचं प्रकरण, मग भोळे. हातातलं पुस्तक पुरतं वापरून झाल्याशिवाय पुढचं विकत घेऊ नका. आणि पहिली चाल तयार झाली की ती मंडळात म्हणून दाखवा. टाळकऱ्यांना ती न अडखळता उचलता आली, तर चाल जमली असं खुशाल समजा.