कॅम्पर ओढायला पेट्रोलचा हेवी-ड्युटी ट्रक

व्हिसा, शाळा आणि घरभाडं या प्रकरणांनंतर नव्यानं आलेली मंडळी सगळ्यात जास्त विचारतात ते कॅम्परबद्दल, म्हणजे ट्रकामागं ओढायच्या चाकांवरच्या घराबद्दल. धाराशिव जिल्ह्यातून अमेरिका-कॅनडात येऊन स्थिरावलेल्या घरांनी पाठवलेला मजकूर इथं त्यांच्याच शब्दांत दिला आहे.

मूळ उमरगा तालुका, आता ह्यूस्टनजवळ

ट्रक विकणारा आधी सांगतो, हा इतके हजार पौंड ओढतो. तो आकडा बाजूला ठेवा आणि ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या हवेची चिठ्ठी असते. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तिच्यावर छापलेलं असतं. हाच पेलोड, आणि तो फक्त त्याच ट्रकचा. त्याच मॉडेलच्या महागड्या आवृत्तीत चामड्याच्या सीटा, काचेचं छत वगैरेंमुळं तो कमी भरतो.

आता आपल्या घराचा हिशेब करा. भरलेला कॅम्पर 7,500 पौंडांचा धरला, तर त्याच्या 10 ते 15 टक्के वजन हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडावर, येतं. 13 टक्क्यांनी 975. आई-वडील भारतातून आलेले, तुम्ही दोघं, दोन मुलं: 850. वजन वाटून देणारा हिच 100. मागं जनरेटर, कूलर, भांडी, पीठ, लाकडं: 300. बेरीज 2,225 पौंड. एफ-150 सारख्या हाफ-टन ट्रकच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा यापेक्षा कमी आकडा असतो. पेट्रोलच्या 2500 किंवा एफ-250 या हेवी-ड्युटी वर्गात तो साधारण 3,000 च्या पुढं जातो. हेवी-ड्युटी घ्यायचा तो एवढ्याचसाठी. ओढायची ताकद पुष्कळ ट्रकांत असते, पाठीवर घ्यायची कमी ट्रकांत.

पेट्रोलमध्ये पर्याय मोजके. फोर्डचं 7.3 लिटरचं व्ही-8 हे 2020 च्या मॉडेलपासून आलं, 430 अश्वशक्तीचं. फोर्डचंच धाकटं 6.8 लिटरचं 405 चं. शेव्हरोले आणि जीएमसीचं 6.6 लिटरचं 401 चं. 2024 पासून त्याला दहा गिअरचा अ‍ॅलिसन गिअरबॉक्स मिळतो. रॅमचं 6.4 लिटरचं हेमी 400 च्या आसपास, त्याला 89 ऑक्टेनचं पेट्रोल सुचवलेलं आहे. बाकीच्यांना साधं 87 चालतं. माझं मत विचाराल तर 7.3 घ्या, आणि मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर 4.30 मिळालं तर सोडू नका. चढावर फरक कळतो.

डिझेल का नको? नव्या गाडीत त्याचे साधारण 10,000 डॉलर जास्त पडतात, वर धूर साफ करणारं डीईएफ द्रावण भरा, महाग फिल्टर बदला. डिझेलचं इंजिनच इतकं जड की पेलोडचा बराच भाग त्यातच खर्च होतो. वर्षातून चार-सहा सहली करणाऱ्या घराला ते पैसे वसूल होत नाहीत. मात्र कोलोराडोत राहणार असाल तर ऐका: टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना सुमारे 3 टक्के ताकद गमावतं. आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्या वर आहे, म्हणजे तिथं एक तृतीयांश ताकद गेलेली. अशा रस्त्यानं दर महिन्याला जाणाऱ्यानं टर्बोचं डिझेलच घ्यावं. ओढताना पेट्रोल गॅलनला 8 ते 10 मैल देतं, लिटरला जेमतेम 4 किलोमीटर.

साखर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या दोन ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, सगळं ट्रॅक्टरवर. इथं तसं चालत नाही. ट्रेलरला विजेचे ब्रेक हवेत आणि ट्रकात ब्रेक कंट्रोलर. ट्रक कंपनीनंच बसवलेला मागा. शेवटी पाण्याची टाकी भरून, माणसं बसवून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर सगळं वजन करा. पाण्याचं एक गॅलन 8.34 पौंडांचं; 40 गॅलनची टाकी म्हणजे 334 पौंड.

मूळ तुळजापूर, आता कॅलिफोर्निया

ट्रकाबद्दल वरच्यांनी लिहिलंच आहे. मी कागदांबद्दल लिहितो, कारण मला अजून संताप येतो. शेजारच्या राज्यातून वापरलेला ट्रक घेतला. पासपोर्टवर माझं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, तर ट्रकच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, माझं नाव आणि नुसतं आडनाव. डीएमव्हीच्या, म्हणजे वाहन नोंदणी कार्यालयाच्या, खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, हा दुसरा माणूस कोण? वडील, म्हटलं. मग त्यांची सही आणा. वडील तुळजापुरात! वरिष्ठांना बोलवा म्हटलं तर पुन्हा वेळ घ्या. प्रत्येक वेळी अर्धा दिवस रजा, प्रत्येक वेळी नवा फॉर्म, आणि आदल्या वेळचा माणूस काय बोलला ते दुसऱ्याला मान्य नाही. म्हणून सांगतो: विकणाऱ्याला टायटलवर तुमचं नाव लायसन्सवर आहे अक्षरशः तसंच लिहायला लावा. चेसिस नंबरची पडताळणी आणि धुराची तपासणी लागतेच. दुसऱ्या राज्यातला 7,500 मैलांच्या आत चाललेला, कॅलिफोर्नियाच्या मानकाचा नसलेला ट्रक इथल्या रहिवाशाला नोंदवता येत नाही, तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. पिकअपला पाटी व्यावसायिक मिळते, घाबरू नका. 10,000 पौंडांवरच्या ट्रेलरला वेगळं लायसन्स आहे, ट्रेलर लावला की वेगमर्यादा ताशी 55 मैल.

मूळ तेर, आता डॅलस

पुरुष इंजिनाबद्दल लिहितात, सासूबाई ट्रकात चढणार कशा हे कुणी लिहीत नाही. हेवी-ड्युटी ट्रकाची पायरी गुडघ्याच्या वर येते, नऊवारीत तर अशक्यच. बाजूच्या पायऱ्या आणि आतले हँडल आधी बघा. पुढं सलग बाक असलेला ट्रक घ्या, मग सहा जण बसतात. मधे कन्सोल असला की पाचच, आणि आजोबा घरी राहतात.

आणि मनातलं लिहिते. कॅम्पर घेतला तर तो नुसता सुट्टीसाठी वापरू नका. आम्ही येळवस, म्हणजे वेळ अमावास्येची शेतातली पूजा, त्यातच करतो. डिसेंबर-जानेवारीत टेक्ससचं हवामान सोसतं. भज्जी, आंबील, उंडे, बाजरीची भाकरी घरूनच करून न्यायची. झाडाखाली दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, शेजारच्या कॅम्परमधल्यांना पंगतीला बोलवायचं. मुलं शेत कधी बघणार? निदान उघड्यावर जेवू तरी देत. त्या दिवशी मराठीखेरीज बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे आणि तो मी मोडू देत नाही. दसऱ्याला ट्रकाची पूजा मुलांच्याच हातून करून घ्या.

मूळ परंडा, आता कॅलगरी

इथल्या थंडीत डिझेल घट्ट होतं, पेट्रोलचा तो त्रास नाही. इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर तरी लावाच. फिफ्थ-व्हील, म्हणजे ट्रकच्या हौद्यात जोडायचा ट्रेलर, ओढायचा असेल तर त्याचं 20 टक्क्यांच्या आसपास वजन ट्रकावर येतं, तेव्हा वरचा हिशेब नव्यानं करा. चाकं काढून बसवली असतील तर पहिल्या 80 किलोमीटरनंतर थांबून ट्रेलरचे नट टॉर्क पान्यानं पुन्हा आवळा.